रस्त्यावर चूल मांडणारें नगर

पहांटेचे साडेपांच वाजलेले असतात. आकाशांत अद्याप पुरता उजेड फांकलेला नसतो, तोंच बँकॉकच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशीं एक हातगाडी येऊन थांबते. गाडीवर लांबट शेगडी, शेजारीं चिकट भाताची टोपली आणि खालीं कोळशांचें पोतें. नारळाचें दूध लावलेले डुकराच्या मांसाचे तुकडे बांबूच्या काड्यांत ओंवलेले असतात. विक्रेती ते निखाऱ्यांवर फिरवूं लागते आणि खमंग धूर गल्लीभर पसरतो. कचेरीचा कारकून, गणवेष घातलेली शाळकरी मुलगी, रात्रपाळी संपवून घरीं निघालेला पहारेकरी असे एकामागून एक येतात, दोन-तीन काड्या व भाताची पुडी घेतात आणि वाटेला लागतात. तेवढ्यांत काषाय वस्त्रांतले भिक्षु अनवाणी चालत येतात. विक्रेती पायांतल्या वहाणा काढते, भिक्षापात्रांत अन्न ठेवते आणि हात जोडून आशीर्वाद घेते. या भिक्षाटनाला थाय भाषेंत 'बिंथबात' म्हणतात. हा शब्द म्हणजे पालि भाषेंतला 'पिंडपात' होय.

दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या प्रवाशाला हा सारा देखावा जत्रेसारखा वाटतो. सकाळीं जेथें भात व भाजलेलें मांस मिळालें तेथेंच दुपारीं शेवयांचा रस्सा, संध्याकाळीं कापलेलीं फळें आणि मध्यरात्रीं गरम पेज मिळते. हें नगर खाण्याचें फार शोकी असावें, असा त्याचा समज होतो. हा समज अगदींच खोटा नाहीं. परंतु तेवढ्यावर थांबणारा प्रवासी या नगराचें मर्म न कळतांच परत जातो. बँकॉकच्या रस्त्यावरील गाड्या ही हौसेची बाब नाहीं. त्या नगराचें ते स्वयंपाकघर आहे, आणि तें रस्त्यावर कां आलें याला दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

बँकॉक हें नांव परक्यांच्या तोंडीं रुळलेलें. तेथील लोक आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणजे देवांची नगरी म्हणतात. तिचें संपूर्ण औपचारिक नांव जगांतील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत महानगर, अमर, रत्न, अयोध्या, राजनिवेश, अवतार असे अनेक ओळखीचे शब्द थाय उच्चारांच्या वेषांत भेटतात, आणि ही नगरी इंद्रानें दिली व विश्वकर्म्यानें उभारली असा तिचा गौरव केलेला आहे. विमानतळाचें नांव सुवर्णभूमि. नदीकांठच्या उंच शिखराच्या मंदिराचें नांव अरुण. खाद्यपदार्थांच्या दुकानावर जी पाटी असते तिच्यावरील 'आहान' हा शब्दहि संस्कृत 'आहार'च होय. कानाला शब्द ओळखीचा वाटावा आणि जिभेला चव अगदीं नवी लागावी, असा हा प्रदेश आहे.

इसवी सन 1767 मध्यें ब्रह्मी सैन्यानें जुनी राजधानी अयुध्या उध्वस्त केली. पुढें 1782 सालीं चक्री घराण्याच्या पहिल्या राम राजानें चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसविली. ज्या जागीं राजवाडा बांधावयाचा होता तेथें चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. ती थोडी दक्षिणेला, साम्पेंग येथें हलविण्यांत आली. बँकॉकच्या रस्त्यावरील अन्नाचा इतिहास बऱ्याच अंशीं या हलविलेल्या वस्तीपासून सुरू होतो.

त्या काळीं या नगराला रस्ते असे नव्हतेच. नदी, तिला जोडणारे कालवे आणि कालव्यांवर होड्या, असें तें जलमय नगर होतें. या कालव्यांना 'ख्लोंग' म्हणतात. कित्येक घरें पाण्यावर तरंगत आणि बाजारहि पाण्यावरच भरे. 1855 सालीं ब्रिटिशांशीं तह होऊन परदेशी व्यापाराला दार मोकळें झालें आणि तांदळाची निर्यात झपाट्यानें वाढली. गिरण्या, गोद्या व बंदर यांना मजूर हवे होते, आणि ते दक्षिण चीनमधून जहाजें भरभरून आले. यांतले बहुतेक पुरुष एकटे, बायकामुलांवांचून आलेले. दिवसभर पोतीं वाहणाऱ्या माणसाला घरीं चूल कोण पेटविणार? म्हणून त्यांच्यांतलाच एखादा खांद्यावर कावड घेऊन निघे. कावडीच्या एका टोकाला पेटती शेगडी व रश्श्याचें पातेलें, दुसऱ्या टोकाला वाडगे आणि शेवया. रस्त्यावर मिळणारें बँकॉकचें जेवण असें मजुराच्या गरजेंतून जन्मास आलें.

कालव्यांवर हेंच काम होडी करी. विक्रेता एकटाच होडी वल्हवी, रस्सा तापवी, शेवया उकळी आणि कांठावरच्या गिऱ्हाइकाच्या हातीं वाडगा देई. भरलेला मोठा वाडगा डुलत्या होडींतून देतांना सांडावयाचा. म्हणून वाडगा लहानच ठेवीत. कालवे बुजले, होड्या गेल्या, तरी 'होडीच्या शेवया' या नांवानें तो पदार्थ जमिनीवर आला आणि वाडगा मात्र लहानच राहिला. आजहि विजयस्तंभाजवळच्या दुकानांत तीन-चार घांसांत संपणारे वाडगे येतात व खाणारा रिकाम्या वाडग्यांचा मनोरा आपल्यापुढें रचीत जातो. प्रवाशानें एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, या दाट काळसर रश्श्यांत डुकराचें किंवा गाईचें रक्त घालण्याची रीत आहे.

राजधानींतला नव्या धर्तीचा पहिला मोठा रस्ता, चरोएन क्रुंग, 1864 सालीं पुरा झाला. गाडीघोड्यांना फिरावयास रस्ता नाहीं, अशी परदेशी वकिलांची तक्रार होती. पुढें रस्ते वाढले आणि त्यांच्यासाठीं एकेक ख्लोंग बुजविला गेला. जो बाजार पाण्यावर होता तो पदपथावर चढला. जुन्या जलमार्गाची कल्पना यावी म्हणून प्रवाशानें सेन सेप कालव्यावरील होडींतून एकदां तरी जावें. एकोणिसाव्या शतकांत लष्करी कामासाठीं खणलेल्या या कालव्यावरून आज कचेरीला जाणारे लोक सुसाट होड्यांनीं प्रवास करतात, आणि उडणारें पाणी अंगावर येऊं नये म्हणून कडेला बसलेले उतारू दोरी ओढून ताडपत्री वर उचलतात. कालव्याच्या दोन्ही बाजूंस घरांचीं मागलीं दारें दिसतात. एके काळीं हींच पुढलीं दारें होतीं.

या अन्नाला राष्ट्रीय रूप येण्यास मात्र सरकारचा हात लागला. 1938 सालीं पंतप्रधान झालेले फिबून सोंगख्राम हे कडवे राष्ट्रवादी होते. 1939 सालीं देशाचें 'सयाम' हें नांव बदलून 'थायलंड' करण्यांत आलें. युद्धाच्या काळांत, 1942 च्या महापुराच्या सुमारास, लोकांनीं शेवया खाव्या व थाय लोकांनीं त्या विकाव्या असा सरकारनें प्रचार केला. मूळ चिनी असलेल्या तांदळाच्या पट्टीसारख्या शेवया, त्यांत चिंचेचा कोळ, ताडाचा गूळ, मासळीचें खारट पाणी, सुकट, अंडें, सोयाबीनच्या दुधाचें पनीर, मोड आलेले मूग आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, हें सारें कढईंत परतलें कीं 'पाड थाय' तयार होतो. 'थाय पद्धतीनें परतलेलें' एवढाच या नांवाचा अर्थ. कढई चिनी, शेवया चिनी आणि नांव मात्र थाय. एका पदार्थांत एका राष्ट्राची घडण अशी वाचावयास मिळते.

चवीची गोष्ट याहून मनोरंजक आहे. शेवयांच्या प्रत्येक दुकानांत टेबलावर चार लहान भांडीं ठेवलेलीं असतात: एकांत साखर, दुसऱ्यांत मिरची घातलेलें मासळीचें पाणी, तिसऱ्यांत मिरच्या मुरविलेला शिरका आणि चौथ्यांत सुक्या मिरचीची पूड. गोड, खारट, आंबट व तिखट या चार चवींचा मेळ शेवटीं खाणारानेंच जमवावयाचा असतो. म्हणून चांगला थाय गिऱ्हाईक प्रथम रस्सा चाखतो, क्षणभर विचार करतो आणि मग चमचा त्या भांड्यांकडे वळवितो. स्वयंपाक्यालाहि यांत अपमान वाटत नाहीं.

यांतील मिरची मात्र मूळची या भूमीची नव्हे. ती अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती पूर्वेकडे आली. आल्बुकर्कनें 1510 सालीं गोवें घेतलें, पुढल्याच वर्षीं मलाक्का घेतलें आणि त्याच वर्षीं अयुध्येच्या दरबारीं आपला वकील धाडला. कोंकणच्या आमटीला व सयामच्या रश्श्याला एकाच दर्यावर्दी लोकांच्या व्यापारानें तिखट केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. 'सोम तम' या प्रसिद्ध पदार्थांतली कच्ची पपईहि अमेरिकेचीच. पपईचा कीस, लसूण, मिरची, लिंबू, सुकट, टोमॅटो आणि गूळ हीं उखळांत हलक्या हातानें कुटतात. ईशान्येकडील इसान प्रांतांतून पोटासाठीं राजधानींत आलेल्या लोकांनीं हा पदार्थ आपल्याबरोबर आणला. इमारतींचीं कामें करणारे मजूर, टॅक्सी हांकणारे चालक आणि हातगाड्या लावणाऱ्या स्त्रिया यांत इसानचे लोक फार. उखळाचा तो 'पोक पोक' आवाज ऐकला कीं त्यांना गांवची आठवण येत असल्यास नवल नाहीं.

मराठी घरांतून आलेल्या प्रवाशाला आणखी एक धक्का बसतो. 'पाड क्रपाव' हें दुपारचें नेहमींचें जेवण: मिरची-लसणीवर परतलेलें बारीक मांस, भात, वर तळलेलें अंडें. यांतील 'क्रपाव' म्हणजे तुळस. ज्या तुळशीला अंगणांत वृंदावन बांधावें तिची मूठभर पानें तेथें धडधडत्या कढईंत पडतात, आणि ओळखीचा सुगंध अनोळखी ठिकाणीं भेटतो. शाकाहारी माणसानें मांस वगळा असें सांगून भागत नाहीं, कारण मासळीचें पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थांत असतें. त्यानें 'जे' असें लिहिलेली पिवळी पताका शोधावी. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यांत नऊ दिवस हें शाकाहाराचें व्रत मोठ्या प्रमाणावर पाळतात, आणि त्यांत मांसाबरोबर कांदा व लसूणहि वर्ज्य असतात. चातुर्मासांत कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना हा नियम समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळलें पाहिजे. मजुरांच्या कावडीचे दिवस गेले. मग आजचे सुशिक्षित लोकहि रस्त्यावर कां जेवतात? एक कारण घराच्या रचनेंत आहे. बँकॉकमध्यें भाड्यानें मिळणाऱ्या असंख्य लहान खोल्यांना स्वयंपाकघर नसतेंच. पलंग, कपाट, न्हाणीघर आणि फार तर भात शिजविण्याचें विजेचें भांडें, एवढाच संसार. दुसरें कारण स्त्रियांच्या नोकरींत आहे. कचेरी सुटल्यावर गर्दींतून तास-दीड तासानें घरीं पोंचणारी स्त्री कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन कालवणें व एक भाजी बांधून घेते. प्रत्येक पदार्थ प्लॅस्टिकच्या पिशवींत, तोंड रबरानें आवळून. अशा स्त्रियांना थाय लोक थट्टेनें 'प्लॅस्टिकच्या पिशवीच्या गृहिणी' म्हणतात. थट्टेंत थोडा टोमणाहि आहे. परंतु चार पदार्थांचें जेवण घरीं रांधावयास जो खर्च व जो वेळ लागतो त्याचा हिशेब मांडला तर टोमणा टिकत नाहीं. अलीकडच्या वर्षांत गाडीवरील भाताची ताटली साधारण 50 ते 70 बातांस मिळते. थंडगार दुकानांतल्या जेवणाला याच्या दुप्पट-तिप्पट सहज पडतात.

हें अन्न स्वच्छ असतें काय, हा प्रश्न प्रत्येक गृहिणी विचारील. याचें उत्तर गाडीच्या कारभारांत सांपडतें. बहुतेक गाडीवर एकच किंवा दोन-तीनच पदार्थ मिळतात. सामान पहांटेच्या अंधारांत ख्लोंग तोएईसारख्या मोठ्या मंडईंतून त्या दिवसापुरतें आणावयाचें आणि तें त्याच दिवशीं संपवावयाचें. पदार्थ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, प्रखर आंचेवर शिजतो. जेथें गर्दी आहे तेथें सामान शिळें होण्यास अवकाशच नसतो. म्हणून तेथील जाणते लोक गर्दी पाहून गाडी निवडतात. धोका असलाच तर तो भांडीं धुण्याच्या पाण्यांत व फार वेळ उघड्या राहिलेल्या पदार्थांत असतो, आणि तेथें प्रवाशानें डोळे उघडे ठेवावे.

रात्रीं हें स्वयंपाकघर पाहावयाचें असेल तर याओवारात रस्त्यावर जावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साम्पेंगच्या शेजारीं हा रस्ता काढण्यांत आला. त्याच्या नांवाचा अर्थ 'युवराज'. दिवसा येथें सोन्याचीं दुकानें व औषधींचे व्यापारी दिसतात. अंधार पडतांच दुकानांच्या दारें लागतात आणि त्याच दारांसमोर लोखंडी टेबलें मांडलीं जातात. मिरपुडीनें झणझणणारा शेवयांचा रस्सा, कोळशावर भाजलेले झिंगे, काळ्या तिळाचें सारण भरलेले आणि आल्याच्या पाण्यांत सोडलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, भाजलेले चेस्टनट. माणसांची रेटारेट इतकी कीं चालणें म्हणजे ढकललें जाणें. एक जागा दिवसा एकाचें व रात्रीं दुसऱ्याचें पोट भरते, ही येथली जुनी सोय.

या सोयीवरच अलीकडे गदा आली. 2014 सालीं लष्करानें सत्ता घेतल्यानंतर राजधानीच्या कारभाऱ्यांनीं पदपथ मोकळे करण्याची मोहीम जोरांत चालविली. 2016 सालीं पाक ख्लोंग या प्रसिद्ध फुलबाजारांतील पदपथावरचे विक्रेते हटविण्यांत आले. 2017 च्या एप्रिलमध्यें रस्त्यावरचें अन्न शहरभर बंद होणार अशी वार्ता पसरली आणि जगभर कोलाहल झाला. तेव्हां याओवारात व खाओसान हे भाग राखूं असा खुलासा करावा लागला. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं डिसेंबरांत मिशलिन या फ्रेंच मार्गदर्शक ग्रंथाची बँकॉकविषयींची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींत जय फाय या वृद्ध स्त्रीच्या रस्त्यालगतच्या साध्या दुकानाला तारांकित मान मिळाला. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून कोळशाच्या भडक्यापुढें खेंकड्याचें अंड्यांतलें गुंडाळें तळणारी ती स्त्री जगप्रसिद्ध झाली. तिच्या दारीं परदेशी लोकांच्या रांगा लागल्या, त्याच सुमारास कित्येक अनाम गाड्यांना कोपरे सोडावे लागत होते.

या वादांत दुसरी बाजू नाहीं असें नव्हे. पदपथ चालणाऱ्यांसाठीं आहे. गाड्या, टेबलें व पातेलीं यांनीं तो अडला म्हणजे म्हातारी माणसें, लहान मुलें आणि चाकाच्या खुर्चीवरचे अपंग यांना भरधाव वाहनांमध्यें उतरावें लागतें. तेलकट पाणी गटारांत गेलें कीं गटारें तुंबतात, आणि जें नगर पावसाळ्यांत हमखास पाण्याखालीं जातें तेथें ही लहान बाब नव्हे. परंतु गाडी हटविल्यानें भूक हटत नाहीं. ज्यानें 50 बातांत जेवावें त्यानें उद्यां दुप्पट कोठून द्यावें, आणि जिनें तीस वर्षें एका कोपऱ्यावर उखळ चालविलें तिनें या वयांत कोठें जावें, या दोन प्रश्नांचें उत्तर केवळ झाडूनें मिळत नाहीं. 2022 सालीं निवडून आलेले राजधानीचे प्रांतपाल चडचार्ट सित्तिपंत यांच्या कारकीर्दींत विक्रेत्यांना रस्त्यालगतच्या मोकळ्या जागांत नेऊन बसविण्याचे प्रयत्न झाले. असा प्रयत्न यशस्वी होणें हें जागेपेक्षां अंतरावर अवलंबून असतें. गाडीचा खरा गुण ती गिऱ्हाइकाच्या पावलांवर आहे हा. ती अर्धा मैल दूर गेली कीं तिचें दुकान होतें आणि दुकानाचें भाडें ताटलींत उतरतें.

परतीच्या आदल्या संध्याकाळीं प्रवाशानें प्रसिद्ध ठिकाणें सोडावीं आणि आपल्या मुक्कामाजवळच्या गल्लींत उभें राहावें. वीजगाडी डोक्यावरून निघून जाते, जिन्यावरून माणसांचा लोंढा खालीं उतरतो आणि पांच मिनिटांत चार गाड्यांभोवतीं वाटून जातो. पाऊस आलाच तर विक्रेती गाडीवर मोठी छत्री उघडते, कढई उतरवीत नाहीं. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती हंसून विचारते, 'किन खाव रू यांग?' भात खाल्ला काय, असा त्याचा शब्दशः अर्थ. खुशाली विचारण्याची तेथें हीच रीत आहे. 'जेवलांत का?' असें उंबऱ्यावर विचारणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न ऐकून क्षणभर घरीं आल्यासारखें वाटेल. गिऱ्हाईक मान हालवून नाहीं म्हणतें, रबर आवळलेल्या दोन पिशव्या बोटाला अडकवितें आणि स्वयंपाकघर नसलेल्या आपल्या खोलीकडे चालूं लागतें.